प्रकाशाची सोबत
(खान्देशच्या हौशी रंगमंचावरील ‘फॉलो’विषयी)

हौशी नाटकाचे परीक्षण लिहिताना प्रकाशयोजनेच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते. ‘प्रकाशयोजना नाटकाला पूरक होती’ असे लिहून परीक्षक मोकळा होतो. मीही ते अनेकदा लिहिले आहे. हे वाक्य कोणालाच दुखवत नाही आणि म्हणूनच ते कोणाच्या उपयोगीही पडत नाही. त्यात निदान प्रकाशयोजनाकाराची दखल तरी असते. परंतु प्रेक्षागृहाच्या अगदी मागे, अंधारात, एका जड दिव्याच्या मुठीवर हात ठेवून दोन अंक नटाच्या पावलांवर डोळे लावून उभ्या असलेल्या माणसाचा त्यात मागमूसही नसतो. त्या दिव्याला आपल्या नाटकवाल्यांच्या बोलीत नुसते ‘फॉलो’ म्हणतात. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला पारितोषिक आहे. ते योजनेला मिळते. योजना ज्या हातातून प्रत्यक्षात उतरते तो हात मात्र निनावीच राहतो.

प्रस्तुत लेख त्या हाताविषयी आहे. गेल्या काही वर्षांत जळगाव आणि धुळे येथील प्रयोगांत हा हात हळूहळू नाहीसा होत चालला आहे आणि त्याच्या जागी आपोआप वळणारे, आधी आखून ठेवलेल्या बिंदूंवर जाऊन थांबणारे दिवे आले आहेत. हा बदल केवळ सोयीचा आहे, की नाटकाच्या आशयालाच त्याने कोठे धक्का लागतो आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

*

नटाबरोबर चालणारा प्रकाश ही पाश्चात्य रंगभूमीने आपल्याला दिलेली देणगी आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. आपल्याकडच्या गोंधळात दिवटी असते, आणि ती धरणारा दिवट्या हा त्या विधीचा अविभाज्य घटक असतो. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात मुखवटा धारण केलेले सोंग संबळाच्या ठेक्यावर पुढे-मागे नाचत येते आणि मशालींचा उजेड त्याच्या सोबत सरकतो. जुन्या काळच्या नाचगाण्याच्या मैफिलींत मशालजी नर्तकीच्या हालचालींबरोबर फिरून तिच्या चेहऱ्यावर उजेड धरीत असे, अशी वर्णने परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. विजेच्या कितीतरी आधी, नटाच्या चेहऱ्याकडे पाहत त्याच्याबरोबर चालणारा माणूस आपल्या परंपरेत होता. त्याच्या हातात ज्योत होती आणि त्या ज्योतीने त्याचा स्वतःचा चेहराही उजळत असे.

युरोपात याच गरजेतून चुनखडीचा दिवा रंगमंचावर आला. ऑक्सिजन व हायड्रोजनच्या ज्योतीने चुन्याची कांडी तापवली की ती प्रखर शुभ्र तेजाने प्रकाशते. लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८३७ साली हा दिवा प्रथम वापरला गेला. प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस लागे. कांडी फिरवत ठेवायची, वायू सांभाळायचा आणि नटाच्या मागोमाग झोत न्यायचा, ही सारी कामे त्याचीच. पुढे कार्बनच्या कांड्यांचे विजेचे दिवे आले, त्यानंतर तारेचे आणि वायुभारित दिवे आले. पण दिव्यामागचा माणूस दीडशे वर्षे तसाच राहिला.

आपल्या संगीत नाटकांच्या वैभवकाळात मात्र वेगळीच रीत होती. किटसनच्या बत्त्यांचा लखलखाट सगळ्या रंगमंचावर सारखा पसरत असे. तो कोणाच्या मागे जात नसे. नटच पदासाठी उजेडात, प्रेक्षकांच्या सन्मुख येत असे. शिक्षणासाठी जळगावात राहिलेल्या आणि तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे आरंभीचे धडे घेतलेल्या नारायण श्रीपाद राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, याच स्थिर उजेडात आपले साम्राज्य उभे केले. जळगावातील खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. त्या रंगमंचावर प्रकाशाची चर्चा करताना हे विसरता येत नाही, की ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या नटाला प्रकाशाने पाठलाग करण्याची गरज कधी पडली नाही.

अशा रीतीने दोन परंपरा दिसतात. एकीत प्रकाश नटाकडे जातो. दुसरीत नट प्रकाशाकडे येतो. दोन्ही आपापल्या जागी सार्थ आहेत. घोटाळा होतो तो, पहिलीचा आभास निर्माण करून प्रत्यक्षात दुसरी राबविली जाते तेव्हा.

*

थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण तपशीलच इथे अर्थ घडवितो.

फॉलो चालविणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी असतात: झोताची दिशा, वर्तुळाचा आकार आणि तेजाचे प्रमाण. यांखेरीज कडेची तीक्ष्णता कमी-अधिक करता येते. दिवा रंगमंचापासून वीस मीटर अंतरावर असेल, तर मुठीच्या केवळ एका अंशाच्या हालचालीने वर्तुळ सुमारे पस्तीस सेंटिमीटर सरकते. म्हणजे चेहरा उजेडातून बाहेर जायला तेवढे पुरते. साध्या चालीने चालणारा माणूस सेकंदाला एक मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. हाताला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर अर्ध्या मीटरहून अधिक अंतर पडले. म्हणून फॉलोवाला नट हलल्यावर हलत नाही, तो नट हलण्याच्या बेतात असतानाच हलतो. खांदा वळतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते, श्वास भरला जातो. या खुणा त्याला वाचता याव्या लागतात. नाटक पाठ असल्याखेरीज आणि त्या विशिष्ट नटाची शरीरभाषा ओळखीची असल्याखेरीज हे वाचन साधत नाही.

वाचन हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. फॉलोवाला हा प्रयोगाचा पहिला वाचक असतो. आम्ही प्रेक्षक जे पाहतो ते त्याने आमच्या आधी, काही क्षणांच्या अंतराने, पाहिलेले असते. त्याने चुकीचे वाचले तर आम्हीही चुकीचे पाहतो.

*

एक उदाहरण घेऊ. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एक हौशी नाट्यसंस्था प्रयोगासाठी एका गावी येते, वेळ घालविण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडते आणि त्या खेळाच्या आडून बेणारेच्या खासगी आयुष्यावर तुटून पडते, हे त्याचे कथासूत्र. खान्देशातील हौशी मंडळींना या नाटकाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. त्यात ती स्वतःच आहेत.

शेवटी आरोपीला बोलण्यासाठी काही सेकंद दिले जातात. इतर पात्रे जागच्या जागी गोठतात आणि बेणारेचे प्रदीर्घ स्वगत सुरू होते. ते संपल्यावर पात्रे पुन्हा सजीव होतात, वेळ संपल्याचे जाहीर होते, आणि आपल्या लक्षात येते की प्रत्यक्षात ती एक शब्दही बोललेली नाही. हे स्वगत घड्याळाच्या बाहेरचे आहे. संपूर्ण नाटकात बेणारेला कुठे उभे राहायचे ते इतरांनी सांगितलेले आहे. तिला पिंजऱ्यात उभे केले आहे, बाहेर जाऊ दिलेले नाही. एवढा एकच अवकाश तिचा स्वतःचा आहे, आणि तो प्रकाशाने निर्माण करायचा असतो.

या प्रसंगाचे दोन प्रयोग माझ्या स्मरणात शेजारी-शेजारी बसले आहेत. पहिला जळगावचा. फॉलो हातानेच चालविला होता आणि चालविणारा मुलगा महाविद्यालयीन वयाचा असावा. पात्रे गोठली तेव्हा त्याने एकदम लखलखीत वर्तुळ टाकले नाही. आधीचा उजेड मावळत असतानाच मऊ कडेचे वर्तुळ बेणारेच्या भोवती जमत गेले. ती पिंजऱ्यातून बाहेर आली, वर्तुळ तिच्याबरोबर आले. ती गोठलेल्या काशीकरांच्या समोरून गेली तेव्हा वर्तुळ किंचित मोठे झाले आणि त्यांचा दगडी चेहरा क्षणभर कडेला दिसला. एके ठिकाणी ती अनपेक्षित वळली; झोत अर्धे पाऊल मागे राहिला, तिचा चेहरा अंधारात गेला आणि परत आला. तांत्रिकदृष्ट्या ती चूकच होती. परंतु त्या अर्ध्या पावलात, ही स्त्री कोणाच्याही नजरेपासून निसटू शकते, असे मला वाटून गेले. स्वगत संपताना त्याने वर्तुळ तोडले नाही. न्यायालयाचा उजेड वर चढत गेला आणि ते त्यात विरून गेले. तिचा अवकाश नेमका कोणत्या क्षणी हिरावला गेला, हे आम्हाला कळलेच नाही. त्यानंतर तिच्या पोटातील गर्भाविषयीचा तो निर्दय निकाल ऐकताना अंगावर काटा आला.

दुसरा प्रयोग धुळ्याचा. अभिनेत्री निःसंशय अधिक अनुभवी होती, आवाज कसलेला होता. दिवे नवे होते. स्वगतासाठी रंगमंचावर काही जागा ठरवून यंत्रात नोंदविल्या होत्या आणि कळ दाबली की झोत एकेका जागेवर जाऊन थांबत असे. पहिल्या दोन जागांपर्यंत परिणाम देखणा होता. तिसऱ्या वेळी मात्र ती भावनेच्या भरात ठरल्यापेक्षा लवकर पुढे आली. झोत मागेच होता. ती थबकली. तिची नजर खाली, जमिनीवर चिकटविलेल्या पट्टीकडे गेली. मग दोन पावले मागे सरून ती उजेडात उभी राहिली आणि पुढचे वाक्य बोलली. पुढचे सर्व स्वगत बिनचूक झाले. परंतु ते स्वगत उरले नव्हते, पाठांतर झाले होते. जी बाई सबंध नाटकभर इतरांनी नेमून दिलेल्या जागी उभी राहिली, तिला तिच्या एकमेव स्वातंत्र्याच्या क्षणीही जागा नेमून देण्यात आली होती. ती देणारा या वेळी काशीकर नव्हता, सुखात्मे नव्हता, प्रकाश होता.

यावर असा युक्तिवाद होऊ शकेल, की प्रकाशालाही न्यायाधीश करणे हा एक अन्वयार्थ आहे. तो मान्य करता आला असता, जर तो योजलेला असता. इथे तो योजलेला नव्हता. अभिनेत्रीच्या चेहऱ्यावरील गोंधळ बेणारेचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. अपघातालाही अर्थ येऊ शकतो, हे जळगावच्या प्रयोगात दिसले. पण तेथे अपघात दोन जिवंत माणसांमधला होता. एक चुकला, दुसऱ्याने सावरले. धुळ्यात सावरण्याची सगळी जबाबदारी एकटीवर पडली.

*

दोष यंत्राचा आहे, असे मला म्हणायचे नाही. आपोआप वळणारे दिवे प्रथम संगीताच्या जलशांत आले. १९८१ साली ‘जेनेसिस’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या दौऱ्यात ते वापरले गेले. दिव्यांना आज्ञा पोचविण्याची ५१२ वाहिन्यांची सामायिक पद्धत १९८६ साली ठरली आणि निरनिराळ्या बनावटीचे दिवे एका फलकावरून चालविणे सोपे झाले. आता ते लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवात, यात्रेतल्या तमाशाच्या तंबूत सर्वत्र दिसतात. मंडपवाले त्यांना सरसकट ‘शार्पी’ म्हणतात. एक दिवा अनेकांचे काम करतो, रंग बदलण्यासाठी जिलेटिनचे कागद लावावे लागत नाहीत, आणि नव्या दिव्यांना वीज कमी लागते. खान्देशच्या उन्हाळ्यात ज्याने तापलेल्या दिव्याशेजारी उभे राहून दोन अंक काढले आहेत, त्याला या सुखाची किंमत सांगावी लागणार नाही.

यंत्राची अचूकताही नाकारता येत नाही. पाचशे चाळीस अंशांत फिरणाऱ्या दिव्याचे वर्तुळ केवळ २५६ टप्प्यांत विभागले, तर प्रत्येक टप्पा दोन अंशांहून मोठा पडतो आणि झोत उड्या मारीत सरकतो. म्हणून दोन वाहिन्या एकत्र जोडून पासष्ट हजारांहून अधिक टप्पे केले जातात, आणि दहा मीटरांवर झोत दीड मिलिमीटरपर्यंत नेमका ठेवता येतो. एवढी स्थिरता मनुष्याच्या हाताला शक्य नाही. परंतु यंत्राला ठाऊक असते ती जागा. नट कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. मोठ्या खर्चाच्या रंगभूमीवर यावरही उपाय निघाले आहेत. नटाच्या पोशाखात अवरक्त किरण सोडणारी लहानशी खूण दडवितात, कॅमेरे ती टिपतात आणि दिवे त्याप्रमाणे वळतात. दुसऱ्या रीतीत फिरता दिवा उंचावर असतो आणि माणूस दूर बसून, पडद्यावर नट पाहत, मूठ फिरवून तो चालवितो. या दुसऱ्या रीतीविषयी मला विशेष आदर वाटतो, कारण तिने यंत्र स्वीकारले आणि माणूस सोडला नाही.

आपल्याकडे यांपैकी काहीच घडत नाही. दिवे भाड्याने येतात, स्पर्धेच्या दिवशी रंगमंच ताब्यात मिळतो तो मोजक्या तासांसाठी, त्यात नेपथ्य उभे करायचे, ध्वनी तपासायचा आणि उरलेल्या वेळात यंत्रात जागा नोंदवायच्या. नोंदविताना बहुधा नटाच्या जागी कोणीतरी दुसराच उभा असतो. महिनाभराच्या तालमीत जी चाल नटाने शोधली, ती तासाभरात आखलेल्या बिंदूंपुढे मान तुकविते. नट प्रकाशाकडे येतो. पण बालगंधर्वांच्या काळासारखा भरलेल्या उजेडात येत नाही, अंधारातील एका लहानशा चकतीत येतो. स्थिर प्रकाशाची मोकळीकही गेली आणि चालत्या प्रकाशाची सोबतही मिळाली नाही.

*

फॉलो हवा, एवढे म्हणून भागत नाही. तो केव्हा नको हेही समजले पाहिजे. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाचे उदाहरण बोलके आहे. एका नटाच्या देहातून बावन्न व्यक्तिरेखा उभ्या राहत. त्या कोठे उभ्या राहत? नटाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेत. तो ज्याच्याशी बोलतो तो माणूस आपल्याला तेथे दिसू लागतो. अशा प्रयोगावर घट्ट वर्तुळ टाकले, तर ती रिकामी जागा अंधारात बुडेल आणि तिच्याबरोबर अर्धे वऱ्हाडही. खान्देशात आज अहिराणीतून एकपात्री प्रयोग करण्याची हौस वाढते आहे, युवक महोत्सवांतूनही ती दिसते. एकटा नट आहे म्हणजे एकच झोत हवा, हे समीकरण त्या मंडळींनी तपासून पाहावे.

‘घाशीराम कोतवाल’ची गोष्ट आणखी निराळी आहे. १९७२ साली जब्बार पटेल यांनी ते बसविले तेव्हा ब्राह्मणांची रांग हाच पडदा झाला. ती डोलते, वळते, पाठ फिरविते. जे झाकायचे ते झाकते, जे दाखवायचे ते दाखविते. कोणाकडे पाहायचे हे तेथे माणसांची भिंतच ठरविते. त्यावर वरून झोताने बोट ठेवले तर भिंतीचा अपराध सुटून जातो आणि एकट्या नानाचा किंवा घाशीरामाचा उरतो. त्या नाटकात अपराध सगळ्यांचा आहे. प्रकाशाने तेथे कोणालाच सोडता कामा नये.

यावरून ध्यानात येईल, की झोत टाकणे हे निवेदन असते. तो म्हणतो, ‘याच्याकडे पाहा.’ आणि त्याच दमात, न बोलता, ‘इतरांकडे पाहू नका’ असेही म्हणतो. हौशी प्रयोगांत मुख्य भूमिका करणारा बहुधा संस्थेचा आधारस्तंभ असतो आणि झोत त्याला सोडीत नाही. बाजूला उभी राहून ऐकणारी, वाक्य नसलेली मुलगी अंधारात राहते. मी असे प्रसंग पाहिले आहेत, जेथे त्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर खरे नाटक घडत होते आणि उजेडात केवळ भाषण चालले होते.

*

मग करावे काय? मला सुचतात त्या गोष्टी लहान आहेत आणि बिनखर्चाच्या आहेत. जो झोत चालविणार आहे त्याला पहिल्या वाचनापासून तालमीत बसवावे. दिवा नसला तरी चालेल, त्याने नुसते पाहावे. यंत्रात जागा नोंदवायच्याच असतील तर त्या भूमिका करणाऱ्या नटालाच उभे करून नोंदवाव्यात, आणि ज्या एका प्रसंगावर नाटक तोलले आहे तेवढा तरी माणसाच्या हाती ठेवावा. परीक्षकांनी आणि आम्हा लिहिणाऱ्यांनी ‘पूरक होती’ हे वाक्य काही काळ विश्रांतीला पाठवावे, आणि प्रकाशाने काय दाखविले, काय झाकले, कोणाला सोडले, ते लिहावे. पुस्तिकेत त्या माणसाचे नाव छापावे.

जळगावच्या त्या प्रयोगानंतर मी रंगपटात गेलो होतो. बेणारेचे काम करणाऱ्या मुलीभोवती कौतुक करणारांची गर्दी होती. फॉलो चालविणारा मुलगा दिवा थंड होण्याची वाट पाहत मागेच थांबला होता. तो भाड्याचा होता आणि सकाळपूर्वी परत करायचा होता. मी त्याला त्या अर्ध्या पावलाविषयी विचारले. तो ओशाळला. म्हणाला, ‘‘तालमीत ती तिथे कधीच वळली नव्हती, सर. आज वळली. मला वाटलं, जाऊ द्यावं तिला थोडं.’’

त्या रात्रीच्या परीक्षणात मी ‘प्रकाशयोजना पूरक होती’ असेच लिहिले. त्याचे नाव मी विचारलेच नव्हते.